लाभार्थी किती?

प्रश्न मीच विचारला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की कोणीतरी कोटवाला साहेब बोलला आणि मी बाजूला बसून हळहळले. तसं नाही. आमच्या कंपनीच्या सीएसआर कमिटीत (नफ्यातले काही पैसे समाजाच्या कामाला द्यायचे, ते कोणाला ते ठरवणारी) फायनान्सकडून मी बसते, माझ्यासमोर एक्सेल उघडी असते आणि त्या एक्सेलमध्ये एक कॉलम असतो, लाभार्थ्यांची संख्या. तो रिकामा ठेवता येत नाही, रिकामा ठेवला की शेवटची बेरीज गंडते. शाळेची बेंचेस असली की मुलं मोजायची, पाण्याची टाकी असली की वाडीतली माणसं, डोळे तपासणी शिबिर असलं की डोळे भागिले दोन (हा आमचा ऑफिसातला जोक). त्या दिवशी समोर बसलेला मुलगा गिधाडांच्या घरट्यांच्या अभ्यासासाठी पैसे मागायला आला होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, इस्त्रीचा शर्ट पण पायात चिखल वाळलेले ट्रेकिंगचे बूट, आणि स्लाइड नीट दिसत नाहीत म्हणून तो सारखा उठून पडदा ओढत होता. त्याचं बोलून झालं, कोणी काही बोलेना, तेव्हा मी सवयीने विचारलं, "लाभार्थी किती?"

तो जरा थांबला. मग अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, मागच्या हंगामात चार पिल्लं उडाली."

टेबलाच्या त्या टोकाला कोणीतरी हसलं. मीही हसले असणार. एक्सेलमध्ये चार टाइप केलं आणि पुसलं.

ते चार माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले तरी तेच, रात्री भाकरी थापतानाही तेच. खरं तर ह्या विषयात मला त्या खोलीतल्या कोणाहीपेक्षा जास्त कळायला हवं होतं. मी रायगडातल्या गावची, म्हसळ्याच्या बाजूची. आमच्या लहानपणी गिधाडं ही बघायला जायची गोष्टच नव्हती. कावळे असतात, चिमण्या असतात, तशी गिधाडं असायची. मेलेलं ढोर टाकायची जागा गावाबाहेर होती, ओढा ओलांडून पलीकडच्या माळावर, आणि तिकडे ढोर गेलं की तासाभरात आभाळात आधी एक ठिपका, मग पाच, मग मोजायचं सोडून द्यायचं. आजी घराची त्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. वास यायचाच, पण मला वासापेक्षा आवाज आठवतो. गिधाड खाली उतरताना पंखांचा आवाज येतो, वाळत घातलेली जाड चादर कोणी जोरात झटकावी तसा, आणि मग त्यांची आपापसातली खसखस, फुसफुस, भांडणं. आम्ही पोरं ओढ्याच्या अलीकडे बांधावर बसून बघायचो. घाण वाटायची आणि नजरही हलायची नाही.

आमचा पवळ्या बैल गेला तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. त्याच्या आधी तो बसूनच होता, पायाचं काहीतरी झालेलं, वडिलांनी तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टरला आणलं, सुई टोचली, आणि दुसऱ्या दिवशी पवळ्या उठून उभा राहिला. वडील इतके खूश झाले की डॉक्टरला द्यायला नारळ काढून ठेवले. तिसऱ्या दिवशी पवळ्या परत बसला तो उठलाच नाही. चार माणसांनी बांबू घालून त्याला माळावर नेला. वडील ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही बघायला गेलो तर फासळ्या आणि शिंगं, बाकी स्वच्छ, मांसाचा एक तुकडा नाही, माशी नाही. त्या वेळी मला ते भयंकर वाटलं होतं. आता वाटतं, पवळ्याला इतक्या लवकर आणि इतकं नीट दुसऱ्या कोणी आवरलं असतं?

मी पवळ्याचं हे कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की पुढची गोष्ट येते. त्या सुईत काय होतं. वर्ष 1993 की 94. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक त्याच सुमारास सगळीकडे मिळायला लागलं होतं, स्वस्त होतं, आणि जनावर खरंच उठून उभं राहायचं. सुई टोचल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची किडनी जायची. रक्तातलं युरिक अॅसिड बाहेर पडायचं बंद, ते आतल्या आत साठत जातं आणि काळजावर, यकृतावर पांढरी खडूसारखी भुकटी चढते. पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसून राहतो आणि एक दिवस पडतो. पवळ्याच्या सुईत तेच होतं असं मी म्हणत नाही. पण माझे वडील त्या दिवशी किती आनंदात होते ते मला दिसतं, आणि त्या आनंदाचं काय करायचं ते कळत नाही. दुखणाऱ्या बैलाला दुखणं थांबवणारं औषध देणं हे पाप कसं म्हणायचं. कोणी वाईट वागलंच नव्हतं ह्या गोष्टीत, हाच सगळा घोळ आहे. आणि लागलं किती थोडं! पुढे शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तेव्हा दिसलं की शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावरात हे औषध असलं तरी गिधाडं संपायला पुरे आहे. एका ढोरावर शंभर-शंभर पक्षी जेवायला बसतात, पंगतच ती.

त्या मीटिंगनंतर मी रात्री लॅपटॉप उघडून वाचत बसले. आधी वाटलं होतं एखादा तास वाचेन. भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान, तिथे डॉ. विभू प्रकाश 1980 च्या दशकात शिकारी पक्ष्यांवर अभ्यास करत होते आणि त्यात गिधाडांची घरटी मोजली होती. 1987-88 च्या हंगामात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची 353 घरटी. आता तुम्हीच सांगा, त्या वर्षी कोणी विचारलं असतं की साहेब, ह्या मोजणीचा लाभार्थी कोण, तर ते काय सांगणार होते? त्या काळी हा पक्षी जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये बहुतेक सगळ्यात जास्त संख्येने असणारा मानला जायचा. म्हणजे कावळे मोजण्यासाठी पैसे मागितल्यासारखंच ते. पण मोजलं, वहीत लिहिलं. 1996-97 ला त्यांनी परत मोजलं तेव्हा 150 निघाली. आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिथे एकही उरलं नाही. पहिली 353 ची नोंद नसती तर दुसऱ्या 150 कडे बघून कोणीही म्हटलं असतं, अरे वा, दीडशे घरटी, छान आहे की. नंतर देशभरातल्या मोजण्या एकत्र केल्या तेव्हा 1992 ते 2007 ह्या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99.9 टक्के कमी झाल्याचं दिसलं. मी अकाउंट्सची माणूस, ओपनिंग बॅलन्स नसेल तर क्लोजिंगला काही अर्थ नसतो हे मला कोणी शिकवायची गरज नाही. तरी मीच त्या पोराला विचारलं ना.

त्याच रात्री बहिरी ससाण्याची गोष्ट सापडली, ती तर मी नंतर ऑफिसात चहाच्या वेळी दहा जणांना सांगितली असेल. 1960 च्या आसपास ब्रिटनमध्ये शर्यतीची कबुतरं पाळणारे लोक वैतागले होते, ससाणे फार माजलेत, आमची कबुतरं खातात, बंदोबस्त करा. सरकारी खात्याने म्हटलं ठीक आहे, आधी मोजू तरी किती आहेत. 1961 ला मोजणी सुरू झाली, डेरेक रॅटक्लिफ ह्या पक्षी अभ्यासकाकडे काम आलं. ससाणे जास्त झालेत हे सिद्ध करायला निघालेल्या त्या मोजणीत दिसलं काय, तर कड्यांवरची घरटी रिकामी पडत चालली आहेत, आणि जी आहेत त्यातली अंडी फुटतायत. मग रॅटक्लिफने काय केलं, तर लोकांनी छंद म्हणून जमवलेली जुनी अंडी काढून त्यांच्या कवचाचं वजन केलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत कवच अचानक पातळ झालेलं. डीडीटी, ते कीटकनाशक. अंड्यावर आई बसली की अंडं फुटायचं. हे 1967 ला छापून आलं. म्हणजे पैसे दिले होते कबुतरवाल्यांचं समाधान करायला, आणि ती अंडी जमवली होती अशा लोकांनी ज्यांना आज आपण चोर म्हणू. ह्यातला कोणताच खर्च कुठल्याही कमिटीने ससाणे वाचवण्यासाठी म्हणून पास केला नव्हता.

तिकडे अमेरिकेतही ससाणे संपत आले होते. तर तिथे टॉम केड नावाचे प्राध्यापक, स्वतः ससाणे पाळून शिकार करण्याचे शौकीन, ह्यांनी 1970 ला पेरेग्रिन फंड ही संस्था काढली. ससाण्याची पिल्लं पिंजऱ्यात वाढवायची आणि जंगलात सोडायची. तेव्हा लोकांना ते वेडच वाटलं असणार, पण जमलं, 1999 ला अमेरिकेने ससाण्याला धोक्यातल्या यादीतून काढलं. आणि काम झालं म्हणून त्यांनी दुकान बंद केलं नाही हे आपलं नशीब. कारण 2000 ला हाच पेरेग्रिन फंड पाकिस्तानातल्या पक्षी अभ्यासकांच्या मदतीने तिथल्या पंजाबात गिधाडं का मरतायत ते शोधायला उतरला. तोवर सगळ्यांना वाटत होतं रोग आहे, व्हायरस असणार, कारण इतक्या वेगाने दुसरं काय मारणार. लिंडसे ओक्स नावाचे पशुवैद्यक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मेलेली गिधाडं तपासत बसले, व्हायरस शोधला, जंतू शोधले, कीटकनाशकं, जड धातू, सगळं तपासलं, काही नाही. शेवटी त्यांनी साधा प्रश्न विचारला की ही खातात काय, तर पाळीव जनावरं, मग त्या जनावरांना देतात काय, तर हे नवीन दुखण्यावरचं औषध. किडनी गेलेल्या 25 पैकी 25 गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडलं, आणि दुसऱ्या कारणाने मेलेल्या 13 पैकी एकातही नाही. 25 आणि 13. आमच्या कमिटीत हे सॅम्पल साइज सांगितलं असतं तर लोकांनी फोन बघायला सुरुवात केली असती.

तर साखळी अशी. कबुतरवाल्यांची तक्रार, जुन्या अंड्यांचं वजन, एका शिकारीच्या शौकिनाची संस्था, पाकिस्तानातली मेलेली गिधाडं, आणि 2006 ला आपल्याकडे जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी. मग माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जायला लागल्या म्हणून 2015 ला त्या बंद करून 3 मिलीच्या केल्या. मग त्याच घराण्यातली दुसरी औषधं, अॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन, 2023 ला बंद. मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध गिधाडांना चालतं हे कळलं तेही कोणीतरी बसून तपासलं म्हणून. हरियाणातल्या पिंजोरचं गिधाडांचं प्रजनन केंद्र उभं राहिलं त्याचे सुरुवातीचे पैसे ब्रिटिश सरकारच्या डार्विन इनिशिएटिव्ह ह्या निधीतून आले होते, आणि ते उभं केलं बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि हरियाणा वनखातं ह्यांनी मिळून. आपल्या गावच्या माळावरच्या पक्ष्यासाठी पैसे कुठून कुठून यावे लागले बघा. आता त्याच पिंजोरची गिधाडं 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली, पाठीवर टॅग लावून सोडली, त्यातलं एक फिरत फिरत तामिळनाडूपर्यंत गेलं. टॅग नसता तर कोणाला कळलंही नसतं की ते निघालंय.

मग मी परत त्या मुलाचं प्रपोजल काढलं.

ते दोन वर्षांचं जुनं प्रपोजल नव्हतं, त्याच आठवड्याचं होतं, तरी मी ते पहिल्यांदाच वाचत होते. आधी फक्त शेवटचं पान पाहिलेलं, जिथे टोटल असते. आत काय होतं तर घरट्यांवर लक्ष ठेवायला गावातली दोन माणसं, त्यांचं मानधन, पेट्रोल, एक स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची दुर्बीण), मेलेली जनावरं गोळा करायला टेम्पोभाडं, आणि एक ओळ अशी की झाडमालकांना राखणीचा मोबदला. ह्या ओळीवर मीटिंगमध्ये वीस मिनिटं गेली होती. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड उंच जुन्या झाडावर घरटं करतं, आंबा, बेहडा, सातवीण, असली झाडं, आणि कोकणात ती झाडं बहुतेक कोणाच्या तरी मालकीची असतात. जळाऊ लाकडाचा ठेकेदार दारात पैसे घेऊन उभा असतो. पोरगीचं लग्न निघालं, घराची कौलं काढून पत्रा घालायचा ठरला, की झाड जातं. घरट्यासकट. म्हणून मालकाला म्हणायचं की बाबा, ठेकेदार देतो त्यातला काही भाग आम्ही दरवर्षी देतो, झाड ठेव. ह्यावर आमच्या कमिटीत कोणी विचारलं की झाड तर आपल्या नावावर होत नाही, संस्थेच्याही नाही, मग हा खर्च कॅपिटल का रेव्हेन्यू, म्हणजे मालमत्तेत धरायचा का चालू खर्चात? (मी नव्हते विचारणारी. पण मी त्यावर गंभीर चेहऱ्याने उत्तर दिलं, तेही काही कमी नाही.)

शेवटी काय पास झालं ते सांगते. एक वर्ष, मागितल्याच्या निम्म्याहून कमी, आणि तेही 'जनजागृती' ह्या नावाखाली. शाळांमध्ये कार्यक्रम, भिंतीवर चित्रं, टीशर्ट. कारण शाळेत मुलं असतात आणि मुलं मोजता येतात. मानधनाची ओळ कापली कारण ती अॅडमिन खर्चासारखी दिसत होती आणि त्यावर 5 टक्क्यांची मर्यादा आहे. मर्यादा कंपनीच्या अॅडमिन खर्चाला असते, संस्थेच्या फील्डवरच्या माणसाला नाही, हे मला चांगलं माहीत होतं. मी त्या दिवशी दमले होते, पाच वाजून गेले होते, अजून दोन प्रपोजल बाकी होती. मी काही बोलले नाही. कायद्यात तर वाव आहे, 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणाचा समतोल, प्राणी-वनस्पतींचं रक्षण हे सगळं सरळ लिहिलेलं आहे. चालू प्रकल्प म्हणून दाखवला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं पैसे देता येतात. पण गिधाडाचं घड्याळ वेगळं आहे ना. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. त्यावर आईबाप दोघं आळीपाळीने दीड महिना बसतात, मग पिल्लाला तीन महिने भरवतात. आणि ते पिल्लू स्वतः अंडं घालायच्या वयाला येतं साधारण पाच वर्षांनी. म्हणजे जास्तीत जास्त ताणून दिलेल्या पैशातही जन्मलेलं पिल्लू पहिलं घरटं करायच्या आधी आमची फाइल क्लोज होते, स्कॅन होते आणि कपाटात जाते.

फेब्रुवारीत गावी गेले तेव्हा त्या मुलाला फोन केला. म्हटलं मला बघायचंय. तो बाइकवर आला, त्याच्याबरोबर गावातलेच एक मामा, साठीच्या पुढचे, घरट्यांवर लक्ष ठेवणारे ते हेच. मानधन कापलं गेलेले. ते मला माहीत होतं, त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं, आणि मुलाने सांगितलं नाही. आम्ही चढून गेलो, काजूच्या खालून, वाळलेल्या पाचोळ्यावर पाय घसरत. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, ह्या उतारावरची मोठी झाडं कशी मुळासकट झोपली ते मामा दाखवत होते. आमच्या घराची सुपारी गेली, आंबा गेला, त्याचा पंचनामा झाला, थोडेफार पैसे मिळाले. घरट्याच्या झाडांचा पंचनामा कोण करणार. "पक्षी आले परत," मामा म्हणाले, "येऊन फिरून बघायची, झाड कुठाय म्हणून. लय दिवस फिरायची." हे ते काही रंगवून नव्हते सांगत, बिडी पेटवता पेटवता म्हणाले.

घरट्याचं झाड लांबूनच कळतं. खालची पानं, दगड, सगळं पांढरं, चुन्याचा सडा मारल्यासारखं, आणि वास, तोच, खिडकी लावून घ्यायचा वास. माझ्या पोटात एकदम काहीतरी हललं, मळमळ आणि बरं वाटणं एकत्र असतं का कधी? मुलाने स्कोप लावला, मी डोळा लावला. आधी नुसती पानं, मग काटक्यांचा मोठा ढीग, आणि त्यात एक मान. मोठी सुंदर बिंदर काही नाही, बोडकी, लांब, आणि तोंडावर पोस्टमनसारखा कंटाळलेला भाव. पंखाच्या खालून करड्या कापसाचा एक गोळा बाहेर आला, त्याला चोच होती. आईने (की बापाने, दोघं सारखेच दिसतात) मान वाकवली आणि त्याच्या तोंडात काहीतरी उलटं ओकलं, अगदी हळू, सांडू न देता. मी किती वेळ बघत होते माहीत नाही. मामांनी वहीत लिहिलं. साधी दोनशे पानी वही, कव्हरवर कुठल्या तरी क्रिकेटरचा फोटो. झाडाचा नंबर, तारीख, वेळ, 'पिल्लू आहे. भरवलं.' मागची पानं चाळली तर कितीतरी ठिकाणी नुसतं 'रिकामं' लिहिलेलं. रिकामं, रिकामं, बसलेली, रिकामं. ते रिकामं बघायलाही तेवढंच चढून यावं लागतं.

उतरताना मी मामांना विचारलं की खायला मिळतं का पुरेसं. ते हसले. "ताई, बैल हायत कुठं आता? घरटी एक पॉवर टिलर. टिलर मेला तर गिधाड खाईल का?" आणि असलंच एखादं जनावर मेलेलं तर लोक जेसीबीने खड्डा काढून पुरतात, वास नको म्हणून. त्यामुळे कोणाकडे ढोर गेलं की फोन यायला हवा, फोन आला की टेम्पो जायला हवा, आणि त्याआधी त्याला शेवटच्या दिवसांत कोणती सुई दिली ते विचारायला हवं. ह्या भागात हे असं काम महाडच्या सिस्केप संस्थेने, प्रेमसागर मेस्त्रींनी, वीस-पंचवीस वर्षं चालवलंय, चिरगावला लोकांनी गिधाडांचं गाव म्हणून नाव कमावलं ते त्यातूनच. वीस-पंचवीस वर्षं. माझ्या एक्सेलमध्ये तितकी आडवी जागा नाही.

त्याच आठवड्यात मला तो अभ्यास वाचायला मिळाला, 2024 ला अमेरिकेतल्या नामांकित अर्थशास्त्राच्या जर्नलमध्ये आलेला, इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन ह्यांचा. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती अशा जिल्ह्यांची, जिथे ती फारशी नव्हती अशांशी तुलना करून त्यांनी काढलं की गिधाडं गेल्यामुळे 2000 ते 2005 ह्या पाच वर्षांत देशात साधारण 5 लाख माणसं जास्त मेली. कुजणारी जनावरं, खराब झालेलं पाणी, वाढलेली कुत्री, रेबीज. मी ते वाचून टुणकन उडी मारली, आला! लाभार्थ्यांचा आकडा आला! कमिटीच्या ग्रुपवर लिंक टाकली. तीन अंगठे आले. एकाने 'इंटरेस्टिंग' लिहिलं. त्याच्याखाली लगेच दुसऱ्याने कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक टाकला. मला राग यायला हवा होता पण खरं सांगू, मला स्वतःचंच विचित्र वाटलं. घरट्यात ते ओकून भरवणं स्कोपमधून बघून आलेली मी, आणि तरी मला कोणाला तरी पटवण्यासाठी 5 लाख मेलेली माणसं लागली. आणि त्यानेही पटलं नाही, ते वेगळंच.

मामांच्या पेट्रोलचे पैसे मी आता घरून पाठवते. किती ते लिहीत नाही, फार थोडे आहेत. मुलाला सांगितलंय की माझं नाव सांगू नकोस, आणि हे मी चांगुलपणाने केलेलं नाही, त्यांना कळलं की मानधनाची ओळ माझ्यासमोर कापली गेली तर मला त्या वाटेने परत चढून जायची लाज वाटेल.

जनजागृतीचे कार्यक्रम मात्र छान झाले. मुलाने ते मनापासून केले, अकरा शाळा. एका शाळेतल्या पोरीने गिधाडाला लिपस्टिक लावलेलं चित्र काढलं, ते आता आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत लावलंय. 1,140 विद्यार्थी. तो आकडा मी कॉलममध्ये टाकला, बेरीज जुळली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळ्या संस्थांच्या मागे लागलेली असते, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशाला वापरले त्याचा दाखला) पाठवा, फोटो पाठवा, बिलं पाठवा, 31 तारखेच्या आत. त्यालाही फोन केला. त्याच्याकडे वारा होता, आवाज तुटत होता, डोंगरावरच असणार. कागदपत्रं पाठवतो म्हणाला. मग मी विचारलं, "आणि ते पिल्लू?"

"आहे मॅडम. पंख झाडतंय. घरट्याच्या काठावर येतं, खाली बघतं, परत आत जातं."

"कधी उडेल?"

"एप्रिलच्या शेवटी. मामा म्हणतात अजून वीस-पंचवीस दिवस." मग जरा थांबून म्हणाला, "फॉर्ममध्ये शेवटी आहे ना, काम पूर्ण की अपूर्ण. तिथे काय लिहू?"

मला पटकन सुचलं नाही. मागे प्रिंटर चालू होता, कोणीतरी माझ्या टेबलावर आणखी दोन फाइली ठेवून गेलं. मी त्याला म्हटलं, मामांच्या वहीत आज काय लिहिलंय ते वाचून दाखव. त्याने वही मागितलेली ऐकू आली, पानं उलटल्याची खसखस, आणि मग मामांचाच आवाज आला, फोन तोंडाशी फार जवळ धरलेला, झाडाचा नंबर, तारीख, सकाळी साडेआठ, पिल्लू आहे, भरवलं.